झोपेची गरज आणि झोपेची वेळ : शरीर हे दोन हिशेब कसे ठेवतं?

शरीरक्रिया (धागाकर्ता)

मंडळी,

झोपेवरच्या चर्चांमध्ये एक गोंधळ सतत दिसतो. एक म्हणतो दिवसभर राबूनही रात्री एकपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरा म्हणतो नऊ तास झोपूनही पेंग जात नाही. तिसऱ्याला पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. आणि तिघांनाही सल्ला एकच मिळतो : लवकर झोपा, कोमट दूध प्या, मोबाइल लांब ठेवा. तिघांच्या तक्रारींची मुळं वेगळी आहेत, म्हणून हा धागा. पाळीत काम करणारे, मुलांचे डॉक्टर, उजेडाचं गणित जाणणारे अशा सगळ्यांनी कृपया भर घालावी.

भूक वेगळी आणि जेवणाची वेळ वेगळी, तसंच झोपेचं आहे. झोपेची गरज एक यंत्रणा मोजते, झोपेची वेळ दुसरी ठरवते. स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये हे दोन प्रक्रियांचं प्रारूप मांडलं आणि आजही झोपेचं शास्त्र त्यावरच उभं आहे.

पहिली यंत्रणा झोपेच्या दाबाची. जागेपणी मेंदूच्या पेशी एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करतात, त्यातून ॲडेनोसिन तयार होतं आणि ते अग्रमेंदूच्या तळाकडच्या भागात साचत जातं. ते जागं ठेवणाऱ्या पेशींना दाबतं. दाब सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीला झपाट्याने, मग हळूहळू चढतो. गणिती भाषेत त्याचा चढण्याचा कालांक (बदलाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग व्हायला लागणारा वेळ) सुमारे १८ तास आणि उतरण्याचा सुमारे ४ तास. उतार इतका जलद असल्यामुळेच गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांत उरकतो. मेंदूच्या आलेखात ०.५ ते ४ हर्ट्झच्या संथ, उंच लाटा दिसतात, त्यांची ताकद म्हणजे या दाबाचं माप. एक रात्र जागून काढली तर दुसऱ्या रात्री दुप्पट तास झोप लागत नाही. तास थोडेच वाढतात, पण लाटा उंच होतात, म्हणजे झोप जास्त गाढ लागते. गेलेली झोप तासाला तास अशी परत मिळत नाही, ती यामुळे.

दुसरी यंत्रणा शरीरघड्याळाची. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे २०,००० पेशींचे दोन ठिपके आहेत. तेच मुख्य घड्याळ. बाहेरचा कुठलाही संकेत नसताना माणसात ते सरासरी २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटं जास्तीच्या चक्रात चालतं. घड्याळ आत असतं ही कल्पना जुनी आहे. १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसाच्या वेळी उघडत राहिली. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत 'पिरियड' हे जनुक सापडलं, आणि ते नेमकं कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. थोडक्यात, हे जनुक प्रथिन बनवतं, प्रथिन साचलं की पेशीच्या केंद्रकात शिरून त्याच जनुकाला थांबवतं, मग हळूहळू मोडून जातं आणि जनुक पुन्हा सुरू होतं. या फेरीला सुमारे चोवीस तास लागतात. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी माणसांना घड्याळ आणि सूर्यप्रकाशापासून तोडून ठेवणारा एकांत-कक्ष उभारून हाच अभ्यास केला होता. ते काम मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही याची खंत वाटते.

आता महत्त्वाचा भाग. घड्याळ दिवसभर दाबाच्या *विरुद्ध* काम करतं. दाब चढत जातो तसा घड्याळाचा 'जागा राहा' हा संकेतही चढतो, आणि तो सर्वांत जोरात असतो नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी. दुपारी तीनला डोळे मिटतात आणि रात्री साडेआठला तरतरी येते, ती यामुळे. उद्या पहाटेची गाडी आहे म्हणून नऊलाच आडवं होणारा माणूस कूस बदलत राहतो, कारण तो घड्याळाच्या सर्वांत चढत्या तासात झोपायला गेलेला असतो. पुढे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक सुटू लागतं (नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी), जागेपणाचा संकेत मागे घेतला जातो, शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी ते नीचांकावर पोहोचतं. रात्रीच्या उत्तरार्धात दाब जवळजवळ संपलेला असतो, तेव्हा झोप टिकवून धरतं ते घड्याळ. म्हणून ज्याचं घड्याळ पुढे सरकलं आहे त्याची झोप पहाटे तुटते, ज्याचं मागे पडलं आहे त्याला सकाळी उठवत नाही.

आपलं काय बिघडलं आहे ते ओळखायला मोकळ्या आठवड्यात पाहावं. स्वतःच्या वेळेला, समजा दोन ते दहा, सलग आणि छान झोप लागत असेल तर घड्याळ मागे आहे, झोप चांगली आहे. कुठेही टेकलं की पाच मिनिटांत डोळा लागत असेल तर एक तर झोप कमी पडते आहे किंवा झोपेचा दर्जा वाईट आहे. आणि थकवा भरपूर पण वेळ कुठलीही असो झोप लागतच नाही, तर तो निद्रानाश. त्याची वाट वेगळी.

---

लक्समीटर

उत्तम धागा. घड्याळ लावतो तो उजेड, त्याबद्दल लिहितो.

दृष्टिपटलात शंकू आणि दंड पेशींशिवाय तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात हे २००२ मध्ये पक्कं झालं. त्यांच्यात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असतं आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांची तार थेट घड्याळाकडे जाते. त्यामुळे दृष्टी गेलेल्या पण डोळे शाबूत असलेल्या काही व्यक्तींचं घड्याळ उजेडाने नीट लागतं, आणि डोळेच काढावे लागलेल्यांचं बहुधा रोज थोडं थोडं घसरत जातं.

आकडे लक्षात ठेवा. लक्स हे उजेड मोजायचं एकक. उघड्यावर लख्ख उन्हात ५०,००० ते १,००,००० लक्स. पावसाळी, ढगांनी भरलेल्या दिवशीही काही हजार. ऑफिसात ३०० ते ५००. संध्याकाळी घरात ५० ते ३००. डोळ्यांना घरातला उजेड पुरेसा वाटतो, घड्याळाला तो अंधारच वाटतो. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने दिलेली शिफारस अशी : दिवसा डोळ्यापाशी किमान २५० मेलानोपिक लक्स, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, झोपेत १ पेक्षा कमी. मेलानोपिक लक्स, म्हणजे या तिसऱ्या प्रकारच्या पेशींना जाणवणाऱ्या उजेडाचं माप, साध्या लक्समीटरवर दिसत नाही. पिवळसर २७०० केल्विन दिव्याचा आकडा साध्या लक्सच्या निम्म्याच्या आसपास येतो, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबचा जवळजवळ तेवढाच राहतो. एवढा अंदाज घरासाठी पुरतो.

आता पुण्याचं गणित. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणं ७३.९ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३४-३५ मिनिटं मागे. डोक्यावर सूर्य येतो सरासरी साडेबाराच्या पुढे. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. साडेसहाला स्कूलव्हॅनमध्ये बसलेलं मूल सूर्याच्या दृष्टीने रात्रीच घराबाहेर पडलेलं असतं. त्याला सकाळचा उजेड मिळतो तो थेट मधल्या सुट्टीत, मैदानावर गेलं तर.

उपाय साधे आहेत. उठल्यावर तासाभरात २०-३० मिनिटं बाहेर. तळजाई किंवा वेताळ टेकडी उत्तमच, पण गॅलरीत उभं राहून चहा घेतला तरी घराच्या आतल्यापेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो. खिडकीच्या काचेने फारसं बिघडत नाही, अंतराने बिघडतं. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की आकडा कोसळतो. संध्याकाळी डोक्यावरची पांढरी ट्यूब बंद, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेला पिवळा दिवा चालू. घरोघरी मोबाइलवर सगळा राग निघतो, पण हात लांब करून धरलेल्या मंद स्क्रीनपेक्षा छतावरच्या त्या ट्यूबचा उजेड डोळ्यापाशी जास्त असतो. दात घासायला न्हाणीघरात लख्ख दिवा लावणं हेही त्यातच आलं.

---

अभ्यासिका_नारायणपेठ

स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री तीनपर्यंत अभ्यासिकेत बसतात, दहा-साडेदहाला उठतात. पूर्व परीक्षेचा पेपर सकाळचा. परीक्षेच्या आठवड्यात ती एकदम पाचला उठून टेकडी चढू लागतात आणि उलट जास्तच बिघडतं, हे बऱ्याच जणांचं दिसतं. असं का होत असावं?

---

लक्समीटर

@अभ्यासिका_नारायणपेठ, कारण उजेडाचा परिणाम वेळेवर अवलंबून आहे. तापमानाच्या नीचांकाच्या *आधी* मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, *नंतर* मिळालेला पुढे आणतो. दहाला उठणाऱ्याचा नीचांक साडेसातच्या आसपास. त्याने सहाला टेकडीवर ऊन घेतलं तर त्याच्या शरीराला ती संध्याकाळ वाटते आणि घड्याळ आणखी मागे सरकतं.

बरोबर क्रम असा. पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी, साडेनऊला उठायचं आणि लगेच बाहेरच्या उजेडात. दर दीड-दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. त्याच प्रमाणात रात्रीचे दिवे मंद करायची वेळही अलीकडे आणायची. तीन ते चार तास सरकवायला दोन ते अडीच आठवडे धरा, म्हणजे पेपरच्या तीन आठवडे आधी सुरुवात हवी. मधल्या रविवारी 'आज झोपू दे' म्हणून दहाला उठलं की आठवड्याची कमाई गेली.

---

सोनचाफा

दुपारी चारचा आणि संध्याकाळी सातचा चहा हा आपल्याकडे सोडवत नाही. त्याने नेमकं काय होतं? आणि काही लोक रात्री कॉफी पिऊनही घोरतात, ते कसं?

---

औषधक्रिया

कॅफिन ॲडेनोसिनला हात लावत नाही. ॲडेनोसिन मेंदूच्या पेशींना जिथे चिकटतं त्या जागा ते अडवून बसतं. ॲडेनोसिन मागे साचतच असतं, मेंदूला ते कळत नाही एवढंच. कॅफिन उतरलं की साचलेलं सगळं एकदम लागू होतं, म्हणून चहाच्या अमलानंतरची पेंग जास्त जड वाटते.

कॅफिनचा अर्धायुकाल निरोगी माणसात सुमारे ५ तास. संध्याकाळी सातला घेतलेल्यातलं निम्मं रात्री बारालाही रक्तात असतं. कटिंगमध्ये ढोबळ मानाने २० ते ४० मिलिग्रॅम, मोठ्या मगभर कॉफीत १०० किंवा जास्त. अमृततुल्यवर दिवसभरात सात-आठ कटिंग झाले तर बेरीज बरीच मोठी होते. झोपेआधी सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप तासाभरापेक्षा जास्त कमी होते, असं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं आहे.

माणसामाणसांतला बराचसा फरक यकृतातल्या एका एन्झाइमच्या वेगाचा. धूम्रपानाने ते वेगवान होतं, म्हणून सिगारेट सोडलेल्या माणसाला तोच चहा अचानक झोपू देत नाही. गर्भारपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर, सिप्रोफ्लॉक्सॅसिन (प्रतिजैविक) किंवा फ्लुव्होक्सामिन (नैराश्यावरचं औषध) चालू असताना ते मंदावतं. आणि कॉफी पिऊन घोरणाऱ्यांना झोप लागते हे खरं, पण गाढ झोपेच्या लाटा कमी होतात. त्यांना ते सकाळी फक्त 'अंग जड आहे' इतकंच जाणवतं.

झोपेच्या आठ तास आधी शेवटचा कप, हा नियम बहुतेकांना पुरतो. हलकी झोप असलेल्यांनी दुपारच्या जेवणानंतर घेऊ नये.

---

तिन्हीसांज

वामकुक्षीबद्दल कुणी बोललं नाही, पुण्याच्या धाग्यावर हे बरं नव्हे. आयुर्वेदात दिवसा झोपणं उन्हाळा सोडून वर्ज्य सांगितलं आहे. मग दुपारी झोपावं की नाही?

---

शरीरक्रिया

दुपारची सुस्ती जेवणामुळेच येते हा समज अर्धा खरा आहे. न जेवलेल्या माणसालाही एक ते चारच्या दरम्यान उतार जाणवतो, कारण तोवर दाब बराच चढलेला असतो आणि घड्याळाचा जागेपणाचा संकेत अजून पुरेसा चढलेला नसतो. भाताचं जड जेवण त्यात भर घालतं.

रात्रीची झोप नीट असेल तर दुपारी तीनच्या आत १० ते २० मिनिटं डुलकी घ्यायला काही हरकत नाही. अर्ध्या तासापुढे गेलं की गाढ झोप लागते, आणि तिच्यातून उठवलेला माणूस पंधरा-तीस मिनिटं, कधी जास्त, सुन्न असतो. दीड तास झोपलात तर ते सुन्नपण बहुधा टळतं, पण रात्रीचा दाब खर्च होतो. रात्री बाराच्या आत झोप न लागण्याची तक्रार असणाऱ्याने दुपारची झोप पूर्ण बंद करून पंधरा दिवस पाहावं. ग्रंथातला निषेध आणि हे गणित यांत मला फार मोठा विरोध दिसत नाही.

---

पाळी_चाकण

कारखान्यातल्या पाळ्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं. चाकण, तळेगाव, पिंपरीच्या पट्ट्यात हा आरोग्याचा फार मोठा प्रश्न आहे आणि तो 'सवय होते' म्हणून सोडून दिला जातो. सवय होत नाही. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्या बहुतेकांचं घड्याळ दिवसावरच असतं, कारण पाळीवरून परतताना सकाळचं ऊन ते पुन्हा दिवसावर लावतं आणि सुट्टीच्या दिवशी घरचे दिवसा जागे असतात.

पाळी फिरवण्याची दिशा पहिली पाहावी. पहिली, मग दुसरी, मग तिसरी, असं पुढे फिरणं सोसतं. कारण घड्याळाचं चक्र मुळातच चोवीस तासांहून थोडं लांब आहे, मागे सरकणं, म्हणजे उशिराच्या वेळेला जाणं, त्याला सोपं जातं. तिसरी, दुसरी, पहिली असं उलटं फिरवलं की दोन पाळ्यांमधली विश्रांतीही कमी होते. कुठल्याही दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांपेक्षा कमी अंतर नको.

दुसरी गोष्ट, आठवड्याने पाळी बदलणं ही सर्वांत रूढ आणि माझ्या मते सर्वांत वाईट पद्धत. घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. पाच-सहा दिवसांत ते अर्ध्यावर पोहोचतं आणि पाळी बदलते. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भराभर फिरणाऱ्या पाळ्या बऱ्या, घड्याळ दिवसावरच राहतं आणि कामगार फक्त दोन रात्रींचा दाब सोसतो.

रात्री १० ते सकाळी ६ च्या पाळीसाठी :

पहिल्या रात्रीआधी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान दीड तास झोप. संध्याकाळी सात-आठला झोपायचा प्रयत्न करू नका, वर धागाकर्त्यांनी सांगितलेला चढता तास तोच आहे, नुसतं पडून राहाल. पाळीच्या पहिल्या चार-पाच तासांत कामाच्या जागी भरपूर पांढरा उजेड. चहा रात्री दोनच्या आत. तीन ते पाच ही सर्वांत कमकुवत वेळ, कटिंग मशीन किंवा प्रेसवरचं जोखमीचं काम शक्य तिथे या तासांतून काढा. मधल्या सुट्टीत २० मिनिटं डुलकीची सोय व्यवस्थापनाने द्यावी, आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं मशीनला हात लावू देऊ नये.

पाळी संपल्यावर लगेच घरी, वाटेत गप्पा मारत उन्हात उभं राहणं टाळा. काळा चष्मा उपयोगी, पण फक्त बसने जाणाऱ्याला. दुचाकी चालवताना तो पेंग वाढवतो. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतका मंद होतो, हे १९९७ पासून माहीत आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. सकाळी साडेसहाला नाशिक रस्त्यावर दुचाकीवर घरी निघालेल्या कामगाराचा विचार करा. कंपनीची बस हा चैनीचा विषय नाही.

घरी आल्यावर हलकं खाऊन आठच्या आत झोप. खिडकीला जाड काळा पडदा आणि कडेने उजेड येत असेल तर पुठ्ठा. पंखा चालू ठेवा, त्याच्या एकसुरी आवाजात भांड्यांचे आणि गाड्यांचे आवाज बुडतात. साडेबारा-एकला जाग येईलच, कारण घड्याळ उठवतं. ती झोप पाच तासांची झाली असेल तर संध्याकाळी निघण्यापूर्वी नव्हे, दुपारीच उरलेला तास-दीड तास झोपा.

---

हिंजवडी_सपोर्ट

आणि अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्यांचं? संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन.

---

पाळी_चाकण

ही पाळी त्या मानाने सांभाळता येते, अट एकच. शनिवार-रविवारी घरच्यांच्या वेळेवर पूर्ण उडी मारायची नाही. आठवडाभर साडेचार ते बारा झोपत असाल तर सुट्टीत तीन ते अकरा झोपा. तापमानाचा नीचांक सकाळी साडेनऊच्या आसपास स्थिर राहतो, तो झोपेच्या आत पडतो, म्हणून झोप टिकते. सुट्टीत अकरा ते सहा झोपून सोमवारी पुन्हा पहाटे साडेचार केले, तर दर आठवड्याला साडेपाच तासांचा प्रवास होतो, विमानाशिवाय. झोपून उठल्यावर दुपारी बाराला बाहेर पडून ऊन घ्या. ती तुमची सकाळ.

---

बालआरोग्य_कोथरूड

मुलांबद्दल थोडक्यात. नवजात बाळाला घड्याळाची लय नसते, ती दोन-तीन महिन्यांत दिसू लागते. त्यामुळे सव्वा महिन्याच्या बाळाला 'रात्री झोपायची सवय लावा' हा सल्ला निरर्थक आहे. दिवसा खोलीत उजेड आणि आवाज, रात्री अंधार आणि दूध पाजताना कमीत कमी बोलणं, एवढं करावं.

सहा ते बारा वर्षांना ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांना ८ ते १० तास झोप लागते. पौगंडात घड्याळ एक-दोन तासांनी मागे सरकतं, आणि दाबही लहान मुलांपेक्षा सावकाश चढतो. दोन्ही मिळून पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री अकराच्या आधी झोप येत नाही. तो आळस नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. चांगलं झालं, पण लहान मुलं मुळात लवकर उठणारी असतात. उशिरा भरणाऱ्या शाळेची खरी गरज आठवी ते बारावीला आहे, आणि नेमकी तीच मुलं सातच्या कॉलेजला किंवा सहाच्या क्लासला जातात. पालकांनी निदान पहाटेचा क्लास तरी टाळावा. पहाटे पाचला उठवून तोडली जाते ती रात्रीच्या शेवटच्या भागातली स्वप्नझोप, आणि शिकलेलं पक्कं बसण्यात तिचाही वाटा आहे.

---

कमी_झोप_पुरते

सगळे सात-आठ तास धरून बसले आहेत. सहा तासांवर व्यवस्थित काम करणारी माणसं भरपूर आहेत. सवय लावली की शरीर जुळवून घेतं.

---

शरीरक्रिया

खरोखर कमी झोप पुरणारे लोक असतात. २००९ मध्ये अशा एका कुटुंबात डेक-टू या जनुकातला बदल सापडला. ते फार दुर्मिळ आहेत, आणि त्यांची खूण ही की सुट्टीतही ते तेवढंच झोपतात.

बाकीच्यांसाठी २००३ चा व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग पाहावा. चौदा दिवस रोज सहा तास झोपणाऱ्यांची सावधानता दिवसागणिक घसरत गेली, आणि शेवटी ती पूर्ण जागरण केलेल्यांच्या पातळीपर्यंत आली. पण 'झोप येते आहे का' या प्रश्नाला त्यांचं उत्तर काही दिवसांनी बदलायचं थांबलं होतं. म्हणजे जुळवून घेतं ते थकवा जाणवणं, काम करण्याची क्षमता नव्हे. रविवारी दहा वाजेपर्यंत झोपत असाल तर तुम्हाला सहा तास पुरत नाहीत. शिवाय रविवारी दहाला उठलं की रात्री अकरापर्यंत दाब तेराच तासांचा आणि घड्याळही मागे सरकलेलं, म्हणून रविवारची रात्र सर्वांत वाईट जाते.

---

ज्येष्ठ_आरोग्य

पहाटे साडेतीनला जाग येण्याबद्दल, कारण आई-वडिलांसाठी हा प्रश्न बरेच जण विचारतात.

वय वाढतं तसं घड्याळ अलीकडे येतं आणि त्याचा जोरही कमी होतो. डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदू असेल तर निळा उजेड आत कमीच पोहोचतो. त्यात आजोबा बातम्या पाहता पाहता खुर्चीत पाऊण तास झोपतात, साडेआठला अंथरुणावर जातात. साडेतीनला सात तास पूर्ण होतात, ती जाग म्हणजे आजार नव्हे. इथे झोपेची गोळी दिली जाते आणि पहाटे स्वच्छतागृहात जाताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं.

करायचं काय? संध्याकाळी पाच ते साडेसहा बाहेर उजेडात, सारसबाग असो की सोसायटीचं आवार. रात्री दहाच्या आधी अंथरूण नाही. साडेतीनला जाग आली तर देवघरातली ट्यूब लावू नका. यांचा नीचांक दीड-दोनलाच होऊन गेलेला असतो, त्यानंतरचा लख्ख उजेड घड्याळ आणखी अलीकडे ओढतो. निरांजनाच्या किंवा छोट्या पिवळ्या दिव्याच्या उजेडात पूजा करावी, मोठा दिवा सहानंतर. पाणी उतरवायची गोळी सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल चालू असेल तर त्याने मेलाटोनिन कमी होतं, तेही सांगा. गोळी स्वतः बंद करू नका.

---

स्लीपलॅब

निद्रानाशाची वाट वेगळी, असं धागाकर्त्यांनी म्हटलं. ती वाट लिहितो, कारण बरेच जण नेमकं उलटं करतात. झोप लागत नाही म्हणून जास्त वेळ पडून राहतात.

दोन आठवडे वहीत लिहा : अंथरुणात किती वाजता, अंदाजे किती वाजता झोप, रात्री कितीदा जाग आली, शेवटची जाग, उठणं. घड्याळाकडे बघत बसू नका, सकाळी अंदाजाने लिहा. समजा अकरा ते सात, आठ तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास. झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेतला झोपेचा वाटा) ६९ टक्के. आता अंथरुणातला वेळ साडेपाच तासांवर आणा, उठण्याची वेळ पक्की : सहा. म्हणजे रात्री साडेबाराच्या आधी अंथरूण नाही. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. दाब चढतो, झोप सलग होते. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की झोपण्याची वेळ १५ मिनिटं अलीकडे. ८० च्या खाली राहिली तर १५ मिनिटं कमी. सहा ते आठ आठवडे लागतात.

सोबत दुसरा नियम : वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं. पेंग आली की परत. अंथरूण फक्त झोपेसाठी. एकाच खोलीचं घर असेल तर खुर्ची वेगळी ठेवा.

बिघडतं कुठे? पहिल्या दहा दिवसांत दिवसा भयंकर पेंग येते आणि लोक दुपारी झोपून दाब घालवतात, किंवा तिसऱ्याच दिवशी सोडून देतात. या काळात गाडी चालवणं टाळा. अपस्मार, द्विध्रुवी विकार, झोपेत चालणं किंवा सतत वाहन चालवायचं काम असेल तर हे स्वतः करू नये.

आणि जोराचं घोरणं, मध्येच श्वास थांबून घुसमटत उठणं, सकाळी डोकं दुखणं, सात-आठ तासांनंतरही पेंग, असं असेल तर दाब आणि घड्याळ दोन्ही बाजूला ठेवून झोपेची तपासणी करून घ्या. झोपेतल्या श्वासरोधावर सल्ल्याचा उपयोग होत नाही.

---

सोनचाफा

कोमट दुधाचं राहिलं. आणि मेलाटोनिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

---

औषधक्रिया

दुधात झोप आणणारं फारसं काही नाही, रोजचा ठरलेला क्रम म्हणून चालेल. कोमट पाण्याचा मात्र पक्का परिणाम आहे. झोपेच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली, किंवा नुसते पाय बुडवून बसलं, तरी हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. अंथरुणात शिरताना केली तर उपयोग नाही, उष्णता बाहेर जायला वेळ हवा.

मेलाटोनिन हे गुंगीचं औषध नव्हे, ते घड्याळाला दिलेला 'रात्र झाली' हा निरोप आहे. म्हणून मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. घड्याळ मागे पडलेल्या माणसाला ते पुढे आणायचं असेल तर सध्या झोप लागते त्याच्या पाच-सहा तास आधी अर्धा मिलिग्रॅम पुरतो. तीनला झोपणाऱ्याने रात्री नऊ-दहाला. हेच लोक पहाटे दोनला दहा मिलिग्रॅम घेतात, घड्याळ फारसं हलत नाही आणि सकाळी डोकं जड राहतं. रक्त पातळ करणारी औषधं, फिट्सची औषधं किंवा फ्लुव्होक्सामिन चालू असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लहान मुलांना तर मुळीच परस्पर देऊ नका. आणि गोळी घेऊन पुन्हा लख्ख ट्यूबखाली बसू नका, तो उजेड मेलाटोनिनच्या उलट दिशेने घड्याळ ढकलतो.